एल निनोच्या नावावर फाडलेलं बिल

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणीचं भाकीत सांगतात. त्याच्या मागेपुढे हवामान खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज आलेला असतो. वाहिन्या दोन्ही बातम्या एकाच दमात चालवतात आणि ज्या वर्षी प्रशांत महासागराचं पाणी तापायला लागलेलं असतं, त्या वर्षी खालच्या पट्टीत तिसरी ओळ फिरू लागते : ‘राज्यावर एल निनोचं सावट’. (सावट हा शब्द आपल्या बातमीदारांनी एल निनोसाठी जणू राखूनच ठेवलाय.) मग दोन तट पडतात. एक म्हणतो, आता दुष्काळ ठरलेलाच, निसर्गापुढे कुणाचं काय चालतं? दुसरा १९९७चा दाखला काढतो. त्या वर्षी शतकातल्या सर्वांत जोरकस एल निनोंपैकी एक आला होता आणि तरी देशात सरासरीहून थोडा जास्तच पाऊस झाला. तेव्हा हे सगळं थोतांड, भीती घालून धंदा करायचे प्रकार. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हा कलगीतुरा रंगतो. पहिली सर आली की सगळे विसरतात.

माझ्या मते दोन्ही तट भलत्याच मुद्द्यावर भांडतायत. एल निनो ही नोटीस आहे. नोटीस आली म्हणजे खटला हरलोच असं होत नाही आणि न उघडता टोपलीत टाकली म्हणून तारीख टळतही नाही. शिवाय ज्या संकटाची नोटीस चार-सहा महिने आधी हातात पडते, त्याची नंतर सबब सांगता येत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. नोटीस आली तेव्हा पाकीट कुणी फोडत नाही. धरण आटलं की तेच पाकीट पुरावा म्हणून पुढे केलं जातं : बघा, दोष आमचा नाही, दहा-पंधरा हजार किलोमीटरवरच्या समुद्राचा आहे.

हा समुद्र करतो तरी काय? एरवी विषुववृत्तावरचे पूर्वेकडून येणारे वारे प्रशांत महासागराचं तापलेलं पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे ढकलत राहतात. इतकं, की तिकडची समुद्रपातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. वरचं पाणी निघून गेलं की पेरूच्या किनाऱ्याशी खालचं गार, खताने भरलेलं पाणी वर येतं आणि त्यावर जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या मासेमारींपैकी एक पोसली जाते. काही वर्षांच्या अंतराने हे वारे ढिले पडतात. ऊन पाणी पूर्वेकडे पसरतं, गार पाण्याचा उपसा मंदावतो, मासळी खोल जाते किंवा दक्षिणेला सरकते. पेरूच्या कोळ्यांना हे ऊन पाणी नाताळाच्या सुमारास जाणवायचं, म्हणून त्यांनी नाव ठेवलं एल निनो, म्हणजे बाळ येशू. ढग उबदार पाण्याच्या मागे जातात. पाऊस पाडणारी चढती हवा पूर्वेला सरकली की आपल्या बाजूला हवा खाली बसू लागते आणि बसणाऱ्या हवेत ढग धरत नाहीत. मध्य प्रशांताचा एक ठरावीक पट्टा सरासरीहून अर्धा अंश तापला आणि काही महिने तसाच राहिला की एल निनो जाहीर होतो. अर्धा अंश! आपल्याला आंघोळीच्या पाण्यात कळणार नाही एवढा फरक.

आता पहिल्या तटाचं जेवढं खरं आहे तेवढं मान्य करू. १८७७, १८९९, १९१८, १९६५, १९७२, १९८२, १९८७, २००२, २००९, २०१५ ही यादी आपल्या मोठ्या दुष्काळांची आहे आणि यातलं प्रत्येक वर्ष एल निनोचंही आहे. हा संबंध हुडकण्याचा उद्योग सुरू झाला तोच भारतीय पावसासाठी. १८९९ला सरकारी हवामानतज्ज्ञांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि छप्पनचा (विक्रम संवत १९५६चा) भयंकर दुष्काळ पडला. त्यानंतर १९०४मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती इथे आले. हवामानशास्त्र त्यांनी शिकलेलं नव्हतं, बूमरँग कसं उडतं यावर मात्र त्यांचा अभ्यास होता. जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी मांडून त्यांनी दाखवलं की प्रशांत महासागरावरचा हवेचा दाब आणि हिंदी महासागरावरचा दाब तराजूच्या पारड्यांसारखे खालीवर होतात. ज्या खात्याचे ते प्रमुख होते त्याचं मुख्यालय पुढे, १९२८मध्ये, शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’च म्हणतात. हे सगळं थोतांड म्हणणाऱ्यांनी निदान त्या चौकातून जाताना जरा मान वर करून बघावं.

दुसऱ्या तटाचंही खोटं नाही. १९९७ला काही झालं नाही आणि २००२ला त्यापेक्षा कितीतरी सौम्य एल निनो असताना देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस पडला. उलट २०१२चा मराठवाड्यातला दुष्काळ आठवा. त्या वर्षी प्रशांत महासागर जवळपास शांत होता, तरी जालन्यात मोसंबीच्या बागा जागच्या जागी वाळल्या. म्हणजे या समुद्राचं पाणी तापलं की आपला पाऊस फसतोच असं नाही आणि न तापता फसत नाही असंही नाही. पण यातून ‘थोतांड’ कसं निघतं? पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या अभ्यासकांनी दाखवून दिलंय की पाणी किती तापलं याच्या इतकंच ते कुठे तापलं हे महत्त्वाचं असतं. मध्य प्रशांतात तापलं तर आपल्याला जास्त जाचतं, पार पूर्वेला पेरूजवळ तापलं तर कमी. शिवाय १९९७ला हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापलेली आणि सुमात्राकडची बाजू गार होती. त्या उलथापालथीने आपला पाऊस सांभाळून घेतला. एखाद्याला डेंग्यू होऊनही तो चार दिवसांत हिंडू-फिरू लागला, तर डासांबद्दल आपण काय निष्कर्ष काढतो?

पण मला खरं बोलायचंय ते पाऊस फसल्यानंतरच्या भागाबद्दल. तिथे इतिहास दोन्ही तटांना अडचणीत आणतो.

१८७६ ते ७८चा दुष्काळ घ्या. दख्खनचा पाऊस १८७६लाच फसला होता, प्रशांत महासागराने जोर धरला तो पुढच्या वर्षी. चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका सगळीकडे हाहाकार होता, म्हणजे आभाळाने आपला वाटा उचललाच. पण हिंदुस्थानात पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली त्याचा हिशेब आभाळाच्या खात्यावर मांडता येतो का? रेल्वे होती, तारायंत्र होतं, धान्य परदेशी जातच होतं. सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं ते खर्च आवरायला, आणि त्यांनी खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाला जेमतेम पौंडभर धान्याची मजुरी ठरवली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावचे तपशील गोळा करून सरकारकडे धाडले. वासुदेव बळवंत त्याच दुष्काळी मुलखात हिंडले आणि त्यातून पुढे त्यांचं बंड उभं राहिलं. त्या पिढीला एल निनो हा शब्द ठाऊक नव्हता. तरी मरणाला कारण कोण, याबद्दल तिचा गोंधळ नव्हता.

१९७२ला पुन्हा जोरदार एल निनो. इथे तीन वर्षांची नापिकी, रेशनवरची परदेशी लाल ज्वारी म्हणजे मिलो, शाळेतली सुकडी. माझी आजी त्या मिलोच्या भाकरीचं वर्णन ‘तोंडात फिरती’ एवढ्या दोन शब्दांत करायची. गुरंढोरं मेली, लोक अर्धपोटी राहिले, तो काळ कुणी गोड करून सांगू नये. पण पिकं बुडाली त्या प्रमाणात माणसं मेली नाहीत. का? पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते यांच्या कामांवर १९७३च्या मे महिन्यात पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. मागेल त्याला काम ही वि. स. पागे यांची कल्पना आधीच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून बघितलेली होती. मोर्चे निघत होते, विधिमंडळात रान उठत होतं, सरकारला कामं काढण्यावाचून सुटका नव्हती. त्यातून रोजगार हमीचा कायदा आला आणि पुढे २००५चा देशाचा कायदाही. टेंपलसाहेबाचीही खडी फोडायचीच कामं होती. मग तिथे मढी पडली आणि इथे का नाही? समुद्र दोन्ही वेळी तापला होता, एवढं म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

त्याच १९७२मध्ये पेरूत काय झालं तेही बघण्यासारखं आहे. तिथला अँकोव्हेटा हा बोटभर मासा सुकवून, दळून त्याचं पीठ जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी जात असे. शास्त्रज्ञ सांगत होते की वर्षाला ९५ लाख टनांच्या पुढे जाऊ नका. १९७०ला पकड सव्वा कोटी टनांच्या आसपास गेली. मग एल निनो आला, उरलेली मासळी किनाऱ्याजवळच्या गार पाण्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटली, तिथे जाळी लावणं आणखीनच सोपं झालं आणि तीसुद्धा उपसली गेली. १९७३ला पकड वीस लाख टनांच्या आसपास आली. पाणकावळे आणि पेलिकन उपाशी मेले, कारखाने बंद पडले, आणि हा साठा पुरता सावरायला वीसेक वर्षं लागली. बिल अर्थातच एल निनोच्या नावावर फाडलं गेलं. जाता जाता : माशाचं पीठ नाही म्हटल्यावर जग सोयाबीनच्या पेंडीकडे वळलं, भाव इतके चढले की १९७३च्या जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यातच काही काळ रोखली. आज लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव पेंडीच्या जागतिक बाजारावर हलतो. पेंडीला तेव्हा मिळालेली ही बढती त्या गोष्टीची एक दूरची पायरी आहे.

आपल्या किनाऱ्यावर याच नाटकाचा छोटा प्रयोग झाला. केरळात २०१२ला तारलीची पकड चार लाख टनांच्या घरात होती. २०१५-१६च्या एल निनोत ती पन्नास हजारांच्याही खाली आली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने समुद्राच्या तापण्याकडे बोट दाखवलं आणि त्याच दमात अंडी न घातलेल्या कोवळ्या तारलीच्या बेसुमार पकडीकडेही. छापून आलं ते बहुतेक ठिकाणी पहिलंच. मग २०२१ला हीच पकड साडेतीन हजार टनांच्या आत कशी गेली? त्या वर्षी तर ला निना होता, म्हणजे प्रशांत महासागर उलट गार पडलेला. अरबी समुद्राची स्वतःचीही काही कारणं असतील, आहेतच. पण आरोपी एकच धरायचा आणि तोही परदेशातला, ही सोय काही टिकत नाही. मालवणच्या रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक कोळ्याला विचारा. अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांबद्दल आणि मासळीला भुलवणाऱ्या एलईडीच्या झगमगाटाबद्दल तो दोन तास बोलेल, एल निनोबद्दल दोन मिनिटंही नाही. मला वाटतं तो वाटणी बरोबर करतो.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. नोटीस म्हणता, पण ती पक्की कुठे असते? मार्च-एप्रिलमधले समुद्राचे अंदाज कच्चे असतात, हे शास्त्रज्ञच सांगतात. २०१४ला महाप्रचंड एल निनो येणार म्हणून गाजावाजा झाला आणि तो वर्षभर रेंगाळला. खोट्या नोटिशीवर विसंबून शेतकऱ्याने पीक बदललं आणि पाऊस धो धो पडला, तर नुकसान कोण भरणार? आणि शंभरात साठ शक्यता म्हणजे काय, हे त्याला समजवायचं कसं?

यातला पहिला भाग बरोबर आहे. म्हणूनच पक्क्या नोटिशीचं उदाहरण घेऊ. २०१५ला मार्चमध्येच अमेरिकी संस्थांनी एल निनो जाहीर केला. एप्रिलमध्ये आपल्या हवामान खात्याने ९३ टक्के पाऊस सांगितला आणि २ जूनला तो आकडा ८८वर आणला. प्रत्यक्षात पडला ८६. अंदाज आणखी किती बिनचूक हवा? २ जूनपासून दहा महिने मोजा. २०१६चा एप्रिल. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून दहा वाघिणींची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली आणि सगळा देश ते कौतुकाने टीव्हीवर बघत होता. त्याआधी मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. माझ्या मावशीच्या गल्लीत टँकर नवव्या-दहाव्या दिवशी यायचा. निळ्या टिपांवर (पिंपांवर) ऑइलपेंटने घरमालकांची नावं लिहिलेली असत. रात्री टिपाचं झाकण तारेने बांधून तिला कुलूप लावत. कुलूप लावलेलं पाणी मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. मांजरा धरण कोरडं होतं, बोअर सातशे फुटांवर फुफाटा उडवत होते, आणि त्याच हंगामात मराठवाड्यात साखर कारखान्यांचं गाळप चाललं होतं. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी थोडक्याच जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून जास्त पाणी पितो. त्या दहा महिन्यांत उसाची नोंद कमी करा, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढा, चाऱ्याचं बियाणं जूनमध्येच वाटा, यातलं काय अंदाज कच्चा होता म्हणून अडलं?

नोटीस खोटी निघाली तर? तर धरणात थोडं पाणी जास्त राहील आणि गंजीला थोडा चारा. या नुकसानीचा हिशेब दुसऱ्या बाजूच्या नुकसानीसमोर मांडून दाखवा, मग बोलू. पेरू तो मांडायला शिकला. २०२३ला पुन्हा किनारा तापला. तिथल्या सरकारी संस्थेने जूनमध्ये चाचणी म्हणून जाळी टाकली, तर पकडीत कोवळी मासळीच जास्त. सरकारने वर्षाचा पहिला हंगाम सरळ रद्द केला. बोटी बंदरात, कारखाने थंड, देशाच्या उत्पन्नाला खड्डा. पण पुढच्या वर्षी पहिल्या हंगामाचा सुमारे पंचवीस लाख टनांचा कोटा जवळजवळ पूर्ण भरला. आपल्याकडे मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, समुद्र तापो की गोठो. तारखा ठरलेल्या, कारण तारखांना समुद्राकडे बघावं लागत नाही.

प्रवाळांच्या बाबतीत मात्र माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे कबूल केलं पाहिजे. लक्षद्वीपची प्रवाळं १९९८, २०१० आणि २०१६ अशा तीन एल निनोंत पांढरी पडली. पाणी काही आठवडे एखादा-दीड अंश जास्त तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि त्याच्याविना उपासमारीने मरतं. दोन घटनांच्या मधे जी काही वर्षं मिळतात तेवढ्यात ते सावरायचं. ही वर्षं कमी होत चालली आहेत, कारण १९५१पासून साठ-पासष्ट वर्षांत हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे एक अंशाने तापलाय आणि प्रत्येक नवा एल निनो या उंचावलेल्या ओट्यावर चढून उभा राहतो. इथे नोटीस मिळून लक्षद्वीपचा माणूस काय करणार? ती नोटीस वेगळ्या पत्त्यावर जायला हवी, कोळसा जाळणाऱ्या सगळ्यांच्या, आपल्याही.

राहिला शेतकऱ्याला शक्यता कळत नसल्याचा मुद्दा. हा मला कायम मुंबईत बसून काढलेला वाटतो. पंचांगात मृगाचं वाहन बेडूक आहे की गाढव हे वाचून, भेंडवळचं ऐकून, हवामान खात्याचं मोबाइलवर बघून, या सगळ्यांना प्रत्येकी थोडं थोडं खरं मानून जो पेरणी करतो, त्याला शक्यता शिकवायला निघालोय आपण. औसा तालुक्यातले माझे मामा सोयाबीनच्या सहा तासांमागे (पेरणीच्या ओळींमागे) दोन तास तुरीचे टाकतात. पावसाने ऑगस्टमध्ये दगा दिला तर सोयाबीन जातं, खोल मुळांची तूर तग धरते आणि निदान घरची डाळ तरी पदरात पडते. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरअखेर राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा मी त्यांना फोन करून एल निनोबद्दल काहीबाही सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमी सहाला दोन तास तुरीचे टाकताव. ते बरं हाय. पर धरनात सरकारनं तुरीचं तास कुटं टाकलंय, ते इचारून सांग की.”